लॅपटॉपचे मॅग्नेटिक चार्जिंग कनेक्टर भरवशाचे असतात का?

तुमचे प्रश्न दोन आहेत: मॅग्नेटिक चार्जर टिकतो का, आणि साध्या यूएसबी-सी लॅपटॉपला बाजारात मिळणारी मॅग्नेटिक टिप (पोर्टमध्ये बसवायचा छोटा तुकडा, ज्याला केबल चुंबकाने चिकटते) लावावी का? पहिल्याला माझं उत्तर 'हो' आहे, दुसऱ्याला स्पष्ट 'नाही'.

अ‍ॅपलने 2006 मध्ये मॅकबुक प्रोबरोबर मॅगसेफ हा चुंबकाने चिकटणारा चार्जर आणला, मध्ये काही वर्षं बंद केला आणि 2021 मध्ये परत दिला. मी लॅपटॉप दुरुस्त करतो. अशा चार्जरचं चुंबक सहसा बिघडत नाही. तुटते ती वायर, तीही कनेक्टरच्या अगदी मुळाशी, कारण लोक कनेक्टर न धरता वायरच ओढतात. जुन्या मॅगसेफमध्ये ही वायर अडॅप्टरलाच कायमची जोडलेली होती, त्यामुळे ती तुटली की अख्खा चार्जर बदलावा लागे. नव्यात केबल वेगळी निघते. टिकाऊपणाच्या दृष्टीने ही सुधारणा मला सर्वात मोलाची वाटते.

मध्येच चार्जिंग थांबत असेल तर आधी पिना बघा. त्या स्प्रिंगवर असतात, कचऱ्याने दबून राहतात. चुंबक लोखंडाचे बारीक कणही ओढून घेतं. चार्जर भिंतीवरच्या बोर्डातून काढा आणि कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. सुई किंवा पिन अजिबात वापरू नका.

आता ती वेगळी मिळणारी टिप. यूएसबी-सीमध्ये वीज वाहणाऱ्या पिनेला लागूनच सीसी पिन असते. किती व्होल्ट द्यायचे, हे चार्जर आणि लॅपटॉप तिच्यावरूनच ठरवतात. नेहमीचा प्लग सरळ आत जातो, सरळ बाहेर येतो, आणि बाहेर येताना सीसी पिन आधी सुटते, म्हणून वीज वेळेत बंद होते. मॅग्नेटिक टिप मात्र झटक्याने तिरकी सुटते, कधी थोडी सरकून चिकटते. तेव्हा 20 व्होल्ट शेजारच्या नाजूक पिनेवर गेले तर पोर्टची चिप जळते, कधी मदरबोर्डही जातो. यूएसबी-सीच्या मानकात अशा जोडणीला जागा नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

केबलमध्ये पाय अडकण्याची भीती असेल तर लांब केबल घ्या, ती टेबलाच्या मागून फिरवून टेबलाच्याच पायाला बांधा, आणि पोर्टशी काटकोनात वळणारा प्लग वापरा. टिप आधीच घेतली असेल तर ती निदान लॅपटॉपला लावू नका.