कॉलेजातला स्टॅमिना आता कामाला येतो का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. वय 36, राहायला डोंबिवली. कॉलेजला असताना कबड्डी खेळायचो, रेडर होतो, रोज संध्याकाळी ग्राउंडवर. मग नोकरी लागली आणि सगळं सुटलं, लोकल, खुर्ची, परत लोकल. यंदा हौसेनं ढोल पथकात नाव घातलं तर प्रॅक्टिसला दहा मिनिटांत धाप लागली, ढोल उतरवून बाजूला बसलो, पोरं हसली. वडलांची बायपास 58 व्या वर्षी झालीय म्हणून बायको चेकअपसाठी मागे लागलीय. माझं म्हणणं, तेव्हा एवढा घाम गाळलाय तो हार्टच्या खात्यावर जमा असेलच ना?

उत्तर: नाही हो, खातं कधीच रिकामं झालंय. हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांवर राल्फ पॅफेनबार्गर यांनी 1978 मध्ये अभ्यास छापला होता, त्यात नेमकी तुमच्यासारखी माणसं होती, म्हणजे कॉलेजच्या टीमात खेळलेली आणि नंतर बसून राहिलेली. हार्ट अटॅकपासून त्यांना जुन्या खेळाचा काही फायदा दिसला नाही, उलट कॉलेजात काहीच न खेळलेले पण नंतर हालचाल ठेवणारे लोक जास्त सेफ निघाले.

मग तरुणपणीच्या फिटनेसला अर्थच नाही का, तर तसंही नाही. अमेरिकेत कार्डिया नावाचा अभ्यास 1985-86 ला सुरू झाला, 18 ते 30 वयाची पाच हजारांवर पोरंपोरी, त्यांना ट्रेडमिलवर चढवलं आणि दर 2 मिनिटांनी काम अवघड करत नेलं, जास्तीत जास्त 18 मिनिटं, जो जिथे थकला तिथे उतरला. पुढची साधारण 27 वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. जो एक मिनिट जास्त टिकला होता त्याचा हृदयविकाराचा धोका सुमारे 12 टक्के कमी आणि मृत्यूचा 15 टक्के कमी. पण 7 वर्षांनी परत टेस्ट घेतली तेव्हा ज्यांचा टाइम घसरला होता त्यांचा धोका वाढलेला, प्रत्येक घसरलेल्या मिनिटामागे 20 टक्क्यांच्या आसपास! तुमचं गाडं इथेच अडलंय.

आणि एक गोष्ट, जी जिमवाले सांगत नाहीत. याच अभ्यासात फिटनेसचा आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचणाऱ्या कॅल्शियमचा संबंध सापडला नाही. म्हणजे दमसास चांगला म्हणून नळ्या साफ, असं धरून चालू नका. वडलांची हिस्टरी आहे, आपल्याकडच्या लोकांना अटॅक तसाही लवकर येतो, तेव्हा वहिनींचं ऐका. बीपी, उपाशीपोटी शुगर, लिपिड प्रोफाइल करून घ्या, धाप लागल्याचं डॉक्टरांना सांगा, ईसीजी वगैरे काय लागेल ते ते ठरवतील. ढोल वाजवताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली असेल तर आठवडाभर थांबू नका, आजच जा. मावा-तंबाखू असेल तर ती आधी सोडा, व्यायाम नंतर.

रिपोर्ट ठीक आले की रोज अर्धा तास भरभर चाला, बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही एवढ्या स्पीडनं. आठवड्याला 150 मिनिटं झाली पाहिजेत. एकदम रविवारी ग्राउंडवर उतरून रेड मारायला जाऊ नका, गुडघा तरी जाईल नाहीतर दुसरं काही. उशीर झालाय असंही समजू नका: डॅलसमध्ये 1966 साली विशीतल्या 5 तरुणांना 3 आठवडे नुसतं झोपवून ठेवलं होतं आणि त्यांची ताकद धाडकन खाली आली, हेच पाचजण पन्नाशीला परत बोलावले, 6 महिने हळूहळू व्यायाम करवला आणि दमसास विशीतल्या मूळ लेव्हलला परत आला. तुम्ही तर 36 चे.

प्रश्न: मुलगी 21 वर्षांची, एमपीएससीसाठी सकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यासिकेत. काडीसारखी आहे, वजन अजिबात नाही. मग तिला व्यायामाची काय गरज? – एक आई, नाशिक

उत्तर: ताई, वरचा कार्डियाचा हिशोब वजन, बीपी, सिगारेट हे सगळं बाजूला काढूनच केलेला आहे. बारीक असणं वेगळं, दम असणं वेगळा. तिला तीन मजले न थांबता चढायला सांगा आणि बघा. अभ्यासिकेत जाताना-येताना रिक्षा बंद, पायी जाऊ दे, आणि दर तासाला उठून पाच मिनिटं फिरू दे. पोलीस किंवा वनविभागाचा फॉर्म भरणार असेल तर तिला तसंही धावावं लागणारच आहे, मग आत्तापासूनच सुरू केलेलं बरं.