युरोपच्या सहलीसाठी ई-सिम घ्यावे की रोमिंग पॅक?

पाचपाखाडीतील एका शिक्षिका वाचक भगिनींनी विचारणा केली आहे. त्या, त्यांचे पती आणि महाविद्यालयात शिकणारी मुलगी असे तिघे मे महिन्यात तेरा दिवसांसाठी फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटलीला जाणार आहेत. त्यांच्या मोबाइल कंपनीचा १० दिवसांचा रोमिंग पॅक ४,००० रुपयांना आहे आणि उरलेल्या तीन दिवसांना रोजचे ७०० रुपये पडतात. म्हणजे माणशी ६,१०० आणि तिघांचे १८,३०० रुपये. प्रवासी ई-सिम (प्लास्टिकचे कार्ड न घालता इंटरनेटवरून फोनमध्येच उतरवता येणारे सिम) मात्र १० जीबी डेटा आणि ३० दिवसांच्या मुदतीसह १,९०० रुपयांना मिळते. पतींचा फोन जुना असल्याने त्यात ई-सिम चालत नाही, मुलीचा फोन मावशीने अमेरिकेहून पाठवलेला आहे, आणि ठाण्याच्या घरी ७८ वर्षांच्या सासूबाई मदतनीस बाईंसोबत राहणार आहेत. तिघांनी काय घ्यावे, हा प्रश्न आहे.

आपण दोन किमतींची तुलना केली आहे, परंतु या दोन वस्तू एकसारख्या नाहीत. प्रवासी ई-सिम बहुतांशी केवळ डेटा देते. त्यातून नकाशा, व्हॉट्सॲप आणि हॉटेलचे आरक्षण पाहता येते, पण आपल्या नेहमीच्या नंबरवर कोणी साधा फोन लावला तर त्याचा ई-सिमशी संबंध नसतो. रोमिंग पॅक डेटाबरोबरच तो नेहमीचा नंबर बोलता ठेवतो. म्हणून तिघांनी एकच पर्याय घेण्याऐवजी, कोणाच्या फोनवर कोणते काम आहे हे आधी ठरवावे, असे मला वाटते.

आपण आणि आपली मुलगी यांनी ई-सिम घ्यावे आणि पतींनी रोमिंग पॅक घ्यावा, असा माझा सल्ला आहे. खर्च ९,९०० रुपये होईल आणि ८,४०० रुपये वाचतील. पतींसाठी पॅक न घेता आपण त्यांना आपल्या फोनचा हॉटस्पॉट, म्हणजे त्यातील इंटरनेट, दिला, तर आणखी ६,१०० रुपये वाचू शकतील, पण ती बचत मी करू देणार नाही. सासूबाईंना रात्री बरे वाटेनासे झाले, तर मदतनीस बाई व्हॉट्सॲप उघडत बसणार नाहीत, त्या सरळ नंबर लावतील. तो फोन दरपत्रकाची धास्ती न बाळगता उचलता आला पाहिजे. घरात वृद्ध माणूस ठेवून निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी हा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरायला सांगतो.

आता ओटीपीचा प्रश्न. ई-सिम घेतल्यावर आपले भारतीय सिम फोनमध्येच राहते, आणि सहल कंपनीकडून मिळणाऱ्या प्लास्टिकच्या सिमपेक्षा ई-सिम मला अधिक पसंत आहे ते याचसाठी. एकाच सिमची जागा असलेल्या फोनमधून भारतीय सिम काढले की बँकेचे संदेश थांबतात. शिवाय ते नखाएवढे सिम प्रवासात हरवले तर दुसरा त्रास. आपण दोघींनी निघण्यापूर्वी भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे, पण त्या सिमचे डेटा रोमिंग बंद ठेवावे आणि डेटासाठी ई-सिम निवडावे. येणाऱ्या एसएमएसला रोमिंगमध्ये सहसा आकार पडत नाही, तरीही आपल्या कंपनीच्या दरपत्रकात ते एकदा पाहून घ्यावे. प्रीपेड नंबर असेल, तर त्याचा रिचार्ज परतीच्या तारखेच्या पुढेपर्यंत चालणारा हवा. पॅक नसलेल्या नंबरवर आलेला फोन मात्र उचलू नये, कारण परदेशात येणाऱ्या कॉललाही मिनिटागणिक पैसे लागतात.

ई-सिम खरेदी करताना देशांची यादी नीट वाचावी. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून सदस्य देशांमधील रोमिंगचा वेगळा आकार रद्द झाला आहे, त्यामुळे फ्रान्सचे सिम इटलीत सहज चालते. स्वित्झर्लंड त्या संघात नाही. ‘युरोप’ असे नाव असलेल्या काही योजनांत तो देश नसतो, आणि आपल्या सहलीतले कदाचित सर्वाधिक छायाचित्रांचे दिवस तिथलेच असतील. तसेच ‘अमर्यादित’ या शब्दावर जादा पैसे खर्च करू नयेत; अशा अनेक योजनांत रोजची ठरावीक मर्यादा ओलांडली की वेग अगदी मंद होतो. छायाचित्रांचा आपोआप होणारा बॅकअप केवळ हॉटेलच्या वायफायवर ठेवला, तर तेरा दिवसांना १० जीबी पुरेसे आहे.

मुलीच्या फोनची तपासणी पैसे भरण्याआधी करावी. अमेरिकेत हप्त्यांवर घेतलेले फोन अनेकदा तिथल्या मोबाइल कंपनीपुरते लॉक केलेले असतात आणि त्यांत दुसऱ्या कंपनीचे ई-सिम चालत नाही. सेटिंगमध्ये हे दिसते. फोन लॉक असल्याचे दिसले, तर तो मावशींनाच तिथल्या कंपनीकडून उघडून घ्यावा लागेल, आणि तोवर आपण मुलीला आपल्या फोनचा हॉटस्पॉट द्यावा.

विक्रेता निवडताना स्वस्ताईपेक्षा परवानगी पाहावी. भारतात परदेशी सिम विकण्यासाठी दूरसंचार विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते नसल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये दोन परदेशी ई-सिम विक्रेत्यांची ॲप भारतातील ॲप स्टोअरवरून हटवण्यात आली होती. परवानगी असलेल्या विक्रेत्याकडून रुपयांत बिल घेतले, तर क्रेडिट कार्डावरील परकीय चलनाचा अधिभारही वाचतो. अनेक कार्डांवर तो ३.५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असा, म्हणजे ४.१३ टक्के पडतो. १,९०० रुपयांवर ही रक्कम ७८ रुपयेच आहे. परंतु त्याच कार्डावर युरोपात दीड लाखाची खरेदी झाली, तर ६,१९५ रुपये जातात, म्हणजे पतींच्या पॅकच्या किमतीहून अधिक. तेव्हा कमी अधिभाराच्या कार्डाची चौकशीही याच आठवड्यात करावी.

ई-सिम ठाण्यात असतानाच घरच्या वायफायवर फोनमध्ये उतरवून घ्यावे, मात्र त्याची मुदत उतरवल्या दिवसापासून मोजली जाते की तिथल्या नेटवर्कला जोडल्यापासून, हे आधी वाचावे. उतरवलेले ई-सिम चुकून पुसू नये. ते उतरवण्यासाठी विक्रेत्याने दिलेला क्यूआर कोड बहुधा दुसऱ्यांदा चालत नाही. मदतनीस बाईंना पतींचा नेहमीचाच नंबर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा आणि हेही सांगावे की साहेब परदेशात असले तरी त्यांच्यासाठी तो नेहमीसारखाच देशातला कॉल आहे, त्यामुळे फोन लावताना त्यांनी पैशांचा विचार करू नये.