मी कमीच जेवते, तरी वजन का वाढते?

“मॅडम, घरात सगळ्यांत कमी मीच जेवते, तरी वजन वाढतच चाललंय,” हे वाक्य बाळंतपणानंतरच्या वर्षांतील स्त्रियांकडून मी सतत ऐकते आणि पाठोपाठ “मलाच शिस्त नाही” ही कबुलीही बहुधा येते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील सुमारे 23 टक्के स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने जास्त आहे, तर याच वयोगटातील सुमारे 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. वजन जास्त आणि अंगात रक्त कमी, असे हे आकडे शेजारी ठेवले की शिस्तीचा मुद्दा फारसा टिकत नाही.

पुण्यात चार घरी स्वयंपाक करणाऱ्या, दोन मुलांच्या आई असलेल्या एक ताई माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या, तेव्हा त्यांच्या पर्समध्ये आहाराचा छापील कागद होता: ओट्स, सॅलड, बदाम आणि रोज पाऊण तास चालणे. (असे कागद लिहिणाऱ्यांनी एकदा महिनाअखेरीस किराण्याच्या दुकानात उभे राहावे.) थायरॉइडची तपासणी झाली होती, त्यात दोष नव्हता.

काय खाता, हे न विचारता घरात कोण कोणानंतर जेवते, हे विचारण्याची माझी जुनी पद्धत आहे. सहकारी तिची थट्टा करतात, पण माणसाचे ताट त्याच्या घरातल्या नात्यांवर ठरते, या माझ्या मतापासून मी ढळलेले नाही.

“शेवटी तुम्ही बसता, तेव्हा पातेल्यात काय उरलेलं असतं?”

“भात असतो. आमटी संपलेली असते, मग चटणी घेते.”

“आणि दिवसभर?”

“कामावर चहा मिळतो, त्याबरोबर बिस्किटं. भूक मरते.”

म्हणजे त्या खरोखरच कमी जेवत होत्या. मात्र पोटात जात होते ते बहुतांशी भात, साखर आणि मैदा. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातील रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला मिळणारे दरमहा माणशी 5 किलो धान्य मुख्यतः गहू-तांदूळच असते. डाळ, अंडी, भाजी रोखीने घ्यावी लागते आणि ती आधी कमावत्या पुरुषाच्या व मुलांच्या ताटात पडते.

पुढच्या भेटीला मी त्यांच्या पतींना बोलावले. “मी रोज सांगतो हिला, चालायला जा,” ते म्हणाले.

“किती वाजता जावं त्यांनी?”

पहाटे पाणी भरणे, डबे, चार घरांची कामे, मुलांचा अभ्यास, रात्रीची भांडी असे सगळे ते स्वतःच मोजत गेले आणि मध्येच थांबले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “हिला वेळच नाही.” ताई त्यावर रडल्या, कारण आळशीपणाचा आरोप प्रथमच कोणीतरी मागे घेतला होता. देशातील 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरातले बिनपगारी काम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे आणि पुरुष 97 मिनिटे देताना दिसतात. त्या खोलीत हाच हिशेब नवऱ्याच्या तोंडून आला, म्हणून तो पटला.

ठरले ते साधेच होते: पाणी आणि रात्रीची भांडी पतींनी घ्यायची, आमटी-भाजी पाचही ताटांत आधीच वाढायची, कामावर बिस्किटांऐवजी भाजलेले चणे न्यायचे, चहा बिनसाखरेचा घ्यायचा. सासूबाई कुरकुरल्या, पण सगळ्यांबरोबर जेवायला बसू लागल्या. वजन हळूहळूच उतरले. कंबरेचा घेर आधी कमी झाला.

असाच प्रश्न असणाऱ्यांनी कंबर मोजावी. घेर 80 सेंटीमीटरपुढे असेल, पाळी अनियमित असेल किंवा पुन्हा गर्भधारणेचा विचार असेल, तर रक्तातील साखर, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि तपासणीला जाताना शक्यतो नवऱ्याला बरोबर न्यावे.