एअर रायफलला बाहेरचा स्टॉक बसवला तर नेम सुधारतो का?

तुमचा प्रश्न वाचला. वेंगुर्ल्यात राहता, .१७७ ची (साडेचार मिलिमीटर नळीची) ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी मोडून स्प्रिंग ताणायची, रायफल आहे, परसात भिंतीला टार्गेट लावून १० मीटरवरनं मारता, ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, काही केल्या लहान होत नाही आणि आता अ‍ॅडजस्टेबल चीकपीसवाला (गाल टेकायची जागा वरखाली करता येणारा) स्टॉक, म्हणजे नळी ज्यात बसते आणि जो खांद्याला लावतात तो दांडा, ऑनलाइन मागवायचा विचार चाललाय. पैसे वसूल होतील का? होतील कदाचित, पण ऑर्डर आत्ताच टाकू नका.

स्टॉक बदलला म्हणून नळी काही जास्त सरळ मारायला लागत नाही. त्याची कामं दोनच, एक म्हणजे लोखंड (नळी, ट्रिगर वगैरे सगळा धातूचा भाग) दर शॉटला त्याच जागी धरून ठेवायचं आणि दुसरं म्हणजे तुमचा गाल, खांदा आणि हात दर शॉटला त्याच जागी आणायचे. तुमचं यातलं कुठलं बिघडलंय ते आधी काढा. टेबलावर वाळूची पिशवी ठेवा, पिशवीवर डावा तळहात उघडा ठेवा आणि त्यावर रायफल नुसती टेकवा, आवळून धरू नका. रायफल थेट पिशवीवर ठेवायची नाही, कारण स्प्रिंगची रायफल छर्रा नळीत असतानाच आधी मागे आणि मग पुढे झटका देते आणि कडक वस्तूवर ठेवली की उडते. असे पाच-पाच शॉटचे ग्रुप काढा. टेबलावर ग्रुप चांगला आणि उभ्यानं मारताना फाटतोय, तर दोष फिटिंगचा (स्टॉक अंगाला नीट न बसण्याचा) किंवा तुमच्या उभं राहण्याचा. टेबलावरही फाटतोय तर स्टॉक मागवून काही होणार नाही, आधी स्क्रू आणि छर्रे बघा.

छर्‍यांचं पटकन सांगतो. कागदावर मारायला चपट्या डोक्याचे घ्या, भोक स्वच्छ पडतं. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असा डोक्याचा साइज लिहिलेला असतो, दोन-तीन साइजचे थोडे थोडे आणून बघा, एकाच नळीतनं वेगवेगळ्या साइजचा ग्रुप किती वेगळा येतो ते बघून चाट पडाल. स्टॉकपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

आता स्क्रू, आणि इथेच आपल्याकडचा पाऊस आडवा येतो. पुण्या-नाशिकवाल्यांना हे तितकं जाणवत नाही पण आपल्या किनार्‍यावर जूनपासनं लाकूड पाणी पितंच. बीच नावाच्या लाकडाचा स्टॉक असेल तर तो फुगतो, स्क्रूखालचं लाकूड दाबलं जातं, मग दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि तोच स्क्रू ढिला पडतो, आणि आपण म्हणतो स्कोप हलला! मेच्या सुरुवातीला झिरो केलेली (स्कोपचा नेम आणि छर्रा एका जागी जुळवलेली) रायफल गणपतीत दुसरीकडेच मारते त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. पुढचे दोन्ही बाजूचे आणि ट्रिगर गार्डचे स्क्रू काढा, दातेरी वॉशर घाला, थोडं निळं थ्रेडलॉकर (स्क्रू आपोआप ढिला पडू नये म्हणून लावायचा गोंद) लावा आणि बेतानं आवळा. जीव खाऊन आवळलं तर लाकूड चिरडतं आणि पुढच्या खेपेला आणखी ढिलं होतं. जमत असेल तर लेथवाल्याकडनं स्क्रूच्या मापाची अ‍ॅल्युमिनियमची नळी कापून घ्या आणि भोकात एपॉक्सीनं बसवा, म्हणजे स्क्रू लाकडाऐवजी धातूवर आवळला जातो. याला पिलर बेडिंग म्हणतात. स्प्रिंगच्या रायफलला एवढं केलं तरी खूप फरक पडतो.

लोखंड बाहेर काढलंच आहे तर ते बसतं ती स्टॉकच्या आतली खाच बघून घ्या. बहुतेक स्टॉकना पॉलिश बाहेरूनच असतं, आत कोरं लाकूड, आणि बटच्या (खांद्याला टेकणाऱ्या टोकाच्या) रबराखालीही कोरंच. पाणी तिथूनच शिरतं. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत स्टॉक चांगला वाळवून (सावलीत हां, उन्हात तडकतो) आतून पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्या. आणि रायफल फोमच्या केसमध्ये घालून ठेवायची सवय असेल तर सोडा, फोम दमटपणा धरून ठेवतो आणि खारी हवा बाकीचं काम करते.

हे सगळं झाल्यावर फिटिंग. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल आपोआप जिथे टेकेल तिथे टेकू द्या, मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल दिसला तर उंची बरोबर. खाली काळी कोर दिसतेय, मान ताणून बघावं लागतंय, तर गालाला आधार कमी पडतोय. लोखंडी साइटसाठी (नळीवरच्या साध्या माशी-खाचेसाठी) केलेल्या स्टॉकवर स्कोप चढवला की असं होणारच. मग चपलेच्या रबराचा तुकडा कापा, गालाच्या जागी ठेवा, वरून क्रेप बँडेज गुंडाळा आणि महिनाभर त्यावर मारून बघा. दिसायला गबाळं दिसेल, दिसू दे. ग्रुप लहान झाला तर चीकपीसचे पैसे वाया जाणार नाहीत हे कळलं, शिवाय किती उंची लागते तेही कळलं.

मॅचवाल्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्टॉकचे व्हिडिओ बघून तुमच्या डोक्यात हे आलं असेल तर एक लक्षात ठेवा. आपल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं २०२२ ला कैरोत १० मीटरमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली, तिथे दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यांच्या स्टॉकचा इंचन्‌इंच अंगाच्या मापाला बसवलेला असतो आणि सगळी रायफल साडेपाच किलोच्या आत ठेवावी लागते. पण त्या रायफली भरलेल्या हवेवर चालतात, झटका जवळजवळ नाहीच, त्यामुळे गच्च धरलेलं त्यांना चालतं. तुमच्या स्प्रिंगला नाही चालणार. तसला स्टॉक अंगाला लावून बघायचाच असेल तर पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब आहे, अशा एखाद्या क्लबात चौकशी करा.

घ्यायचाच ठरला तर विकणार्‍याला एकच विचारा, खाच माझ्याच मॉडेलसाठी कोरलेली आहे का. 'सगळ्यांना बसतो' म्हणाला तर सोडून द्या, ढिल्या खाचेत लोखंड हललं तर आत्ताच्या स्टॉकपेक्षा वाईट मारेल. माझं मत विचाराल तर सावंतवाडीकडे चांगला हात असलेले सुतार आहेत, जुन्या घराच्या वाशाचं सागवान मिळालं तर आणखी बरं, ते इतकी वर्षं वाळलेलं असतं की फारसं हलत नाही. फक्त मुठीच्या बारीक भागातनं लाकडाच्या रेषा लांबीला सरळ गेल्या पाहिजेत हे सुतारासमोर बसून दाखवा, आडव्या गेल्या तर स्टॉक तिथेच तुटतो. नमुना म्हणून जुना स्टॉक द्या, फोटोवरून करायला सांगू नका.

आणि हे सगळं एअर रायफलचं. घरात शेतीसंरक्षणाच्या लायसनची बंदूक असेल तर तिला यातलं काही करू नका, ती लायसनवाल्या गनस्मिथकडेच न्या.

टेबलावरच्या ग्रुपचा फोटो टाका कमेंटमध्ये, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे साइज कळेल.