एपीमध्ये बी की ऑनर्समध्ये ए? माझं उत्तर: दोन एपी घ्या, हिस्टरी सोडा

तुमची मुलगी दहावीत आहे, पुढे इंजिनिअरिंगला जायचंय. अकरावीला फिजिक्स, कॅल्क्युलस बीसी, यूएस हिस्टरी आणि इंग्लिश असे चारही एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) घेतले तर दोन-तीन बी येतील, ऑनर्समध्ये, म्हणजे साध्यापेक्षा वरच्या पण एपीपेक्षा सोप्या वर्गात, राहिली तर सगळे ए. काय करावं, असं तुम्ही विचारलंय. न्यू जर्सीत दोन मुलांच्या वेळी मी या घोळातून गेलेय. माझ्या मते फिजिक्स आणि कॅल्क्युलस एपीच घेऊ दे, बी आला तरी. हिस्टरी ऑनर्सला ठेवा.

आपण 'स्कोअरिंग विषय' ऐकत वाढलो. आठवीला संस्कृत कशासाठी, तर पैकीच्या पैकी पडतात. बारावीला बायो सोडून 200 मार्कांचं कॉम्प्युटर सायन्स कशासाठी, तर टक्के वाढतात. ते टक्के कशातून आले हे पुढे कुणी विचारत नसे. इथे तेच आधी विचारतात. कॉमन अ‍ॅपसोबत (अनेक कॉलेजांसाठी चालणारा एकच अर्ज) शाळेच्या काउन्सेलरला जो फॉर्म भरायचा असतो, त्यात मुलाने निवडलेले विषय त्याच शाळेतल्या बाकी मुलांच्या मानाने किती अवघड होते यावर खूण करायची असते: 'मोस्ट डिमांडिंग', 'व्हेरी डिमांडिंग', असं खाली उतरत. शिवाय शाळेत कोणते एपी आहेत ते शाळेच्या प्रोफाइलमधून कळतं. त्यामुळे शेजारच्या गावातल्या मुलीने नऊ एपी घेतले, ही शनिवारच्या पॉटलकमधली बातमी ऐकून सोडून द्या. तुमच्या शाळेत पाचच असतील तर तुलना पाचांशी.

आता हिशेब. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया अर्जासाठी स्वतःचा जीपीए (ग्रेडची सरासरी) काढते, दहावी-अकरावीच्या ग्रेडवरून. ए म्हणजे 4, बी म्हणजे 3, प्लस-मायनस धरत नाहीत. एपीत सीपर्यंतच्या ग्रेडला एक गुण जादा. म्हणजे एपीतला बी आणि साध्या वर्गातला ए, दोन्ही 4. पण कॅप लावलेल्या, म्हणजे जादा गुणांना मर्यादा घातलेल्या, जीपीएत हा जादा गुण फक्त 8 सेमिस्टरना, म्हणजे वर्षभराच्या चार विषयांना मिळतो. दहावी धरून पाचवा एपी झाला, की त्यातला बी तिथे नुसता बी. आणि आपल्यासारख्या कॅलिफोर्नियाबाहेरच्या मुलांना शाळेच्या ऑनर्सचा जादा गुण मिळतच नाही, एपीचा किंवा आयबीचाच (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) मिळतो. हे मला धाकटीच्या वेळी कळलं, थोरल्याच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

टेक्ससची गोष्ट निराळी. तिथे 1997 पासून वर्गातल्या रँकवर सरकारी विद्यापीठात थेट प्रवेशाचा कायदा आहे. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससला आधी वरच्या 6 टक्क्यांना तो मिळायचा, 2026 पासून 5 टक्क्यांनाच. माझी नणंद डॅलसजवळ राहते. तिच्या मुलाने ऑर्केस्ट्रा सोडला, कारण त्याला एपीसारखा जादा गुण नव्हता आणि त्यातल्या ए ने सुद्धा रँक खाली यायची! मला ते ऐकून वाईट वाटलं, पण तिचं गणित चुकलं नव्हतं.

थोरल्याने अकरावीला तुमच्या मुलीचेच चार एपी घेतले होते. ऑक्टोबरात रात्री एक-एक वाजेपर्यंत जागरण, हिस्टरीची पानंच्या पानं वाचायची, आणि पहिल्या मार्किंग पीरियडला हिस्टरीत सी. मजा म्हणजे त्या वाचनापायी फिजिक्सही घसरलं, जे त्याला खरंच आवडायचं. आम्ही त्याला हिस्टरीत ऑनर्सला खाली आणलं. खूण 'मोस्ट डिमांडिंग'ची 'व्हेरी' झाली असेल, नसेल, ती पालकांना दिसत नाही. फिजिक्सचा मात्र वर्षअखेर ए झाला, आणि इंजिनिअरिंगच्या अर्जात तोच आधी बघतात.

म्हणून बी कुठे येतोय हे बघा. कॅल्क्युलसमध्ये एखादा बी चालतो. तीन-तीन विषयांत बी आणि डोळ्यांखाली काळं, हे नको. इंग्लिशचं तिलाच विचारा. वाचनाची आवड असेल तर घेऊ दे, नाहीतर तेही ऑनर्सला.

आणि काउन्सेलरला आजच एक ईमेल टाका: एपीतून ऑनर्सला उतरायची शेवटची तारीख कोणती, आणि त्यानंतर उतरलं तर ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) 'डब्ल्यू', म्हणजे विषय मध्येच सोडल्याची खूण, येतो का? आमच्याकडे ती तारीख आठवड्याने हुकता हुकता राहिली.