मिलोची भाकरी

"एवढं शिकवलं मॅडम, आणि शेवटी भाकरीच?" सोलापुरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पालकांच्या या वाक्याची पारायणं झाली आहेत. कधी ज्वारी, कधी नाचणी, कधी हुलगा, सूर तोच. म्हणून एका घराची गोष्ट सांगते, ओळख पटू नये इतपत बदलून.

मुलगी परभणीहून अन्नतंत्रज्ञानात एम. टेक. झालेली. पुण्यातली बिस्किट कंपनीची नोकरी सोडून ज्वारीवरच्या प्रकल्पात कंत्राटी पदावर आली. वडील, निवृत्त एसटी कंडक्टर, महिनाभर बोलत नव्हते.

"आप्पांना पटलंच पाहिजे," ती सारखी म्हणे. त्या 'च'वर आम्ही दोन भेटी घालवल्या. पटलं तर बरं, नाही पटलं तरी काम चालू, इथवर ती आली. कामाबद्दल बोलताना मात्र खुलायची. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, म्हणून आधणाच्या पाण्यानं पीठ चिकट करावं लागतं. शिळ्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, अंकुरातल्या तेलानं ते खवट होतं. "आजी बोटांनी ओळखायची ते मी यंत्रावर मोजते," म्हणाली.

तिसऱ्या भेटीला आप्पा आले. करिअरचा विषय मी काढलाच नाही. विचारलं, "तुम्ही भाकरी खाता?"

"नाही. चपाती."

"सोलापूरचे असून?"

बराच वेळ ते पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले. "बहात्तरच्या दुष्काळात आठ वर्षांचा होतो. आई खडी फोडायची. रेशनवर तांबडी मिलो यायची, अमेरिकेची ज्वारी. घशाखाली उतरायची नाही. तेव्हाच ठरवलं, माझ्या घरात गहूच."

मुलगी बघतच राहिली. "आप्पा, हे कधी बोलला नाहीत."

"सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

मला वाटतं, माणूस पगाराबद्दल भांडतो तेव्हा पुष्कळदा दुसऱ्याच कुठल्या ताटाशी भांडत असतो. हा प्रश्न योग्य वेळी सुचला याचं थोडं कौतुक मी स्वतःचंही करून घेतलं. तेव्हा पालकांनो, नोकरीवरून वाद घालण्याआधी ते धान्य तुमच्या लहानपणी काय होतं, ते पोरांना सांगा.

पैशाची भीती मात्र खोटी नसते. प्रकल्प संपला की पद संपतं. म्हणून मुलांनी मुदत ठरवावी. हिनं दोन वर्षं ठरवली: या काळात नेटची, म्हणजे कॉलेजात शिकवण्याच्या पात्रतेची, परीक्षा द्यायची, जमलं नाही तर खाद्य कंपन्यांच्या प्रयोगशाळा आहेतच. बिस्किटातला अनुभव तिथे वाया जात नाही. आणि विषय आडवळणाचा आहे असंही नाही. रब्बी ज्वारीचं संशोधन केंद्र सोलापुरातच आहे, मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, २०२३ हे तर जगानं भरड धान्यांचं वर्ष म्हणून पाळलं.

निघताना आप्पा दारात थांबले. "ती मिलो तसली का लागायची गं?"

"जुना साठा असेल," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बघून सांगते."