ओल्नीची पॅनकेक शर्यत खरंच १४४५ पासून चालू आहे का? बघायला जावं का?

तुम्ही एकात तीन प्रश्न विचारलेत: इंग्लंडमधल्या ओल्नी गावात तव्यात पॅनकेक घेऊन बायका धावतात ती शर्यत १४४५ पासून चालू आहे हे खरं का, जवळच्या मिल्टन कीन्स शहरात राहून तुमच्या बायकोला त्यात धावता येईल का, आणि येत नसेल तर मुलांना घेऊन जाण्याइतकं त्या गावात काही आहे का. मधल्याचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आहे. नाही येणार. धावणारी बाई किमान १८ वर्षांची हवी आणि किमान तीन महिने ओल्नीत राहिलेली हवी. गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर राहता म्हणून सूट मिळत नाही. "पर्यटकांसाठी उभा केलेला तमाशा आहे" असं म्हणणाऱ्यांनी आधी हा नियम वाचावा. पर्यटकांसाठीच असतं तर पाच पाउंड घेऊन कुणालाही पळवलं असतं.

आता १४४५. या आकड्यावरून मी बऱ्याच जणांशी वाद घातलाय, त्यामुळे इथे जरा लांबण लागेल.

गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. एक गृहिणी पॅनकेक करत होती, चर्चची घंटा ऐकू आली, उशीर होईल म्हणून ती हातातल्या तव्यासकट, ॲप्रन आणि डोक्याच्या फडक्यासकट पळत सुटली. ही गावाने जपलेली आख्यायिका आहे, पुरावा नव्हे. पण तिच्यामागची चौकट खरी आहे. तेव्हाचं इंग्लंड कॅथलिक होतं. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या काळात मांस, अंडी, दूध, लोणी सगळं वर्ज्य. उपास बुधवारी सुरू, म्हणून मंगळवारी चर्चमध्ये जाऊन पापांची कबुली द्यायची आणि घरातली अंडी, दूध, लोणी संपवायचं. थोडक्यात, त्यांची गटारी. गोव्याचा कार्निव्हल संपतो तोही हाच मंगळवार. पुढे इंग्लंड प्रोटेस्टंट झालं, सक्तीची कबुली गेली, पण घंटा राहिली आणि गावोगाव लोक तिला पॅनकेकची घंटा म्हणू लागले.

"१४४५ पासून अखंड" हे मात्र साफ चूक. शर्यत मध्ये बंद पडलेली होती, दुसऱ्या महायुद्धात तर नक्कीच. १९४८ मध्ये तिथले व्हिकार, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, रोनाल्ड कॉलिन्स यांना कपाट आवरताना १९२० आणि ३० च्या दशकांतले जुने फोटो सापडले, तवे घेऊन धावणाऱ्या बायकांचे. त्यांनी गावातल्या बायकांना गोळा केलं आणि शर्यत पुन्हा सुरू झाली. रेशनिंग अजून संपलं नव्हतं, तेव्हा अंड्या-दुधाचा पदार्थ हातात घेऊन धावण्याचं अप्रूप किती असेल याचा अंदाज करा. माझ्या मते आख्यायिकेपेक्षा हा १९४८ चा भाग जास्त मोलाचा, आणि नेमका तोच कुणी सांगत नाही. दोन वर्षांनी, १९५० मध्ये, अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लिबरल नावाच्या गावातल्या लोकांनी नियतकालिकात या शर्यतीचा फोटो पाहिला आणि ओल्नीला आव्हान पाठवलं. तेव्हापासून दोन्ही गावं एकाच दिवशी, सारख्याच अंतरावर धावतात आणि वेळा ताडून विजेती ठरवतात. अंतर ४१५ यार्ड, म्हणजे साधारण ३८० मीटर. ओल्नीची शर्यत सकाळी ११.५५ ला सुटते. लिबरलचं घड्याळ सहा तास मागे, त्यामुळे दोन गावांतला निकाल ओल्नीत संध्याकाळी कळतो. दुपारी चर्चच्या दाराशी "जिंकलं कोण?" असं विचारत फिरू नका, तेव्हा फक्त गावातली विजेती ठरलेली असते. १९८० चा निकाल तर धरलाच नाही, कारण लिबरलच्या शेवटच्या रेषेवर पत्रकारांची गाडी आडवी उभी होती.

ओल्नीची शर्यत बाजारचौकातून सुटून चर्चपाशी संपते. स्कर्ट, ॲप्रन आणि डोक्याला फडकं सक्तीचं. पॅनकेक सुटताना एकदा आणि पोचल्यावर एकदा उडवून झेलायचा. विजेतीला चर्चचा सेवक शांतीचं चुंबन देतो, मग सगळे प्रार्थनेला आत जातात. जेमतेम मिनिटभराचा खेळ, त्यामुळे ११.५० ला गाडी लावायला जागा शोधत असाल तर काहीच दिसणार नाही. अकराच्या आत चर्चच्या बाजूला उभे राहा. चौकात गर्दी जास्त आणि दिसतं कमी.

मुलांना घरी सराव करायचा असेल तर नेहमीचं प्रमाण वापरू नका. १०० ग्रॅम मैदा, २ अंडी, ३०० मिली दूध हे खाण्याच्या पातळ पॅनकेकचं. पळताना तो दुमडतो, नाहीतर तव्याच्या काठावर फाटतो. दूध २०० मिलीवर आणा, पीठ अर्धा तास झाकून ठेवा, दोन्ही बाजूंनी नीट भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम पॅनकेकखाली वाफ धरते आणि तो तव्याला चिकटतो. गार झालेला थोडा चिवट होतो आणि सपाट पलटतो. तवा २० सेंटिमीटरचा, हलका, दांड्याचा. आपला बिडाचा तवा मुलांच्या मनगटाला झेपत नाही. आधी तवा हलवून पॅनकेक सुटा करायचा, पुढच्या काठाकडे सरकवायचा, मग मनगटाने पुढे-वर-मागे असा एकच झटका. हातभर उंच उडवण्याचा मोह टाळा. फेब्रुवारीत वारा असतो, वीतभर पुरे.

आता गाव. ओल्नी हे मार्केट टाउन, आणि मार्केट टाउन म्हणजे इंग्लंडमधलं कुठलंही देखणं छोटं गाव नव्हे, हेही एकदा सांगून टाकते. मध्ययुगात बाजार भरवण्याचा हक्क राजाच्या सनदेने मिळायचा आणि शेजाऱ्याच्या बाजाराला धक्का लावायचा नाही असा दंडक होता. तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टन या कायदेपंडिताने हिशोब मांडला तो असा: माणसाची दिवसाची चाल २० मैल. तिचे तीन भाग करा, एक जायला, एक खरेदी-विक्रीला, एक उजेडात घरी परतायला. म्हणून दोन बाजारांत पावणेसात मैलांच्या आसपास अंतर हवं. ओल्नीचा रुंद रस्ता आणि मधला चौक या व्यवहारासाठी आहे, फोटोसाठी नाही. आठवड्याचा बाजार अजून गुरुवारी भरतो.

त्याच चौकात ऑर्चर्ड साइड हे विटांचं मोठं घर आहे. कवी विल्यम काउपर तिथे १७६८ ते १७८६ राहिला. १९०० पासून तिथे संग्रहालय आहे. त्यातली लेस चुकवू नका, आणि तिला क्रोशा म्हणू नका. क्रोशात एक सुई, एक दोरा. इथे गच्च भरलेल्या उशीवर टोचून छिद्रं पाडलेला नमुना, छिद्रांत पितळी टाचण्या आणि त्यांच्याभोवती जोडीजोडीने फिरणाऱ्या डझनावारी बारीक दांड्या. दांडीच्या टोकाला तारेत ओवलेल्या मण्यांचा घोस असतो. तो शोभेपुरता नाही: त्याच्या वजनाने दोरा ताणलेला राहतो आणि दांडी उशीवर गडगडत नाही. १७८० मध्ये काउपरने एका पत्रात या गावात जवळजवळ १२०० लेस विणणारे असल्याचं आणि त्यातले शेकडो उपासमारीच्या काठावर असल्याचं लिहिलं. पुढे यंत्रावरची जाळी आली आणि धंदा आणखी बसला.

चर्चच्या आवारात जॉन न्यूटनची कबर आहे, आधी गुलामांच्या जहाजांवर असलेला आणि पुढे इथला धर्मगुरू झालेला. 'अमेझिंग ग्रेस' हे त्याचं प्रसिद्ध स्तोत्र १७७३ च्या पहिल्या जानेवारीसाठी याच गावात लिहिलं गेलं. गाइड सांगतात की समुद्रातल्या वादळात न्यूटनला देव आठवला आणि त्याने गुलामांचा व्यापार सोडला. वादळ १७४८ चं, गुलामांच्या जहाजांवर तो १७५४ पर्यंत होता आणि जाहीर निषेधाची पुस्तिका आली १७८८ मध्ये. मुलांना सांगायचं तर हे सगळं सांगा.

आणि मराठी माणसाने इथे विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याची आठवण काढायला हरकत नाही. बंगालमधल्या सेरामपूरला १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी लिपीतला कोश छापणारा तोच. धर्मोपदेशक होण्यासाठी १७८५ मध्ये तो ओल्नीच्या बाप्टिस्ट (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) मंडळीपुढे बोलला. त्यांचं समाधान झालं नाही, आणखी सराव करून ये म्हणाले. पुढच्या वर्षी होकार मिळाला.

काही गोष्टी उशिरा सांगतेय. संग्रहालयाची हिवाळ्यातली वेळ आधी बघून घ्या, शर्यतीच्या दिवशी ते उघडं असेलच असं धरू नका. रेल्वे १९६२ मध्ये बंद झाली, त्यामुळे बस किंवा गाडी. तारीख दरवर्षी बदलते, ईस्टरच्या ४७ दिवस आधीचा मंगळवार. शाळेच्या मुलांच्या शर्यती मोठ्यांच्या आधी होतात, पण त्या तिथल्या शाळांच्या. बायकोला धावायचंच असेल तर ऑक्टोबर अखेरपर्यंत ओल्नीत भाड्याने घर घ्या. ईस्टर लवकर आला तर हा मंगळवार फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातही पडतो, आणि मग नोव्हेंबरात आलेल्यांचे तीन महिने भरत नाहीत.